जाताना किती वेळ लागतो

दूर देशीच्या लेकीला पाखरू पाठवलं
चोचीमधलं गं पाणी उन्हानं आटवलं

आई हे म्हणायची ते धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताना. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, आणि मधल्या पांढऱ्या मांडवाखालून धाकटी इकडून तिकडे पळायची. आईच्या गळ्याला सूर नव्हता. पण आवाजात ओल होती, आणि चादर झटकली की त्या ओळींनाही झटका बसायचा. धाकटी मधेच थांबून विचारायची, "मग लेकीनं प्यायलं काय?" आई म्हणायची, "पाखरू दाराशी आलं ना? तेवढं पुरे." धाकटीला ते पटायचं. ती पुन्हा पळायला लागायची. मला कधी पटलं नाही. दाराशी आलेल्या कोरड्या चोचीकडे बघणारी ती लेक मला रात्र रात्र दिसायची.

आई जाऊन वीस वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडली. आणि पोटापाण्यासाठी मी काय करते, तर चोचीत पाणी भरून देते.

शहराच्या टोकाला, मालगोदामांच्या मागे, आमची बसकी इमारत आहे. पाटी लहान, दरवाजा जाड. आत आम्ही किरणांचं औषध भरतो. हाडांत उतरलेल्या आजारावर ते शिरेतून देतात. शिशाच्या भिंतीमागे, जाड पिवळसर काचेतून बघत, लांब चिमट्यांनी ते कुपीत घ्यायचं, कुपी शिशाच्या भांड्यात, भांडं डब्यात, डबा विमानात. हे औषध भरल्या क्षणापासून झिजायला लागतं. बर्फात ठेवा, तिजोरीत ठेवा, उशाखाली घेऊन झोपा, दर सात तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. पुढच्या सात तासांत उरलेल्याचा निम्मा. त्याला कुणाची भीड नाही. म्हणून तिकडे पोचल्यावर जेवढं हवं, त्याच्या कितीतरी पट इथून द्यावं लागतं. किती पट, हे वाटेवर ठरतं. वाट जितकी लांब तितकी चोच जास्त भरायची.

त्यासाठी भिंतीवर एक तक्ता आहे. शहराचं नाव, अंतर, विमानाचा वेळ, खालच्या रस्त्याचा वेळ. मी तक्ता बघून हिशेब मांडते आणि कुपी भरते. मापाडी ती मोजतो. मापाडी हे त्याचं नाव नव्हे, पण तीस वर्षांत दुसऱ्या नावानं त्याला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. त्याची बायकोसुद्धा फोनवर "मापाडी आहेत का?" असंच विचारते. मी भरलेलं आणि कागदावर लिहिलेलं जुळलं की तो सही करतो. माझी एक, त्याची एक. दोन सह्यांशिवाय डबा दाराबाहेर जात नाही. तक्त्यातले तास मात्र कुणी मोजत नाही. भिंतीवर आहे म्हणजे ते खरंच असणार.

धाकटी बारा वर्षांपूर्वी दूर गेली. नवऱ्याची नोकरी तिकडची, मग तिचीही तिकडेच झाली, मग लेक झाली ती तर जन्मानंच तिकडची. आठ हजार तीनशे किलोमीटर. मी एकदाही गेले नाही. माझं काम असं की सुट्टी मागायची तर कुणाचं तरी औषध अडायचं. यायची तीच, दर वर्षा-दोन वर्षांनी. विमानात बसली की फोन करायची, "बसले गं ताई." तिथून मी मोजायला लागायची. आठ तास चाळीस मिनिटं. त्या वेळात घर झाडायचं, तिची उशी उन्हात टाकायची, दोनदा आरशात बघायचं, आणि चाळिसाव्या मिनिटाला विमानतळाच्या कठड्याशी उभं राहायचं. परत जायची तेव्हा मी घरी येऊन तिची चादर तशीच चुरगळलेली ठेवायची आणि लवकर झोपायची. येणारीची वाट मिनिटामिनिटानं मोजतात. जाताना कोण मोजतं?

मागच्या उन्हाळ्यात तिच्या पाठीत दुखायला लागलं. पाठीतून कमरेत. मग त्या दुखण्याला नाव मिळालं, आणि ते नाव मी रोज डब्यांवर लिहीत होते.

तिच्या शहरात आमचं औषध जात नव्हतं. मी पत्रं लिहिली, फोन केले, साहेबांच्या दारात इतक्यांदा उभी राहिले की शिपाई मला बघून खुर्ची ओढायला लागला. शेवटी तिथल्या रुग्णालयानं होकार दिला. पाच-पाच आठवड्यांच्या अंतरानं चार डोस. तक्त्यात नवी ओळ लिहायची होती. साहेबांनी पेन उघडून विचारलं, "विमानाचा वेळ?" आणि मी मानही वर न करता म्हटलं, "आठ तास चाळीस मिनिटं."

"वेळापत्रक बघायचं का एकदा?"

मापाडी हसला. "साहेब, बाईंना ती वाट तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा."

साहेबांनी लिहिलं. थंडी नुकतीच सुरू झाली होती.

पहिला डबा गेला. दोन दिवसांनी तिकडून कागद आला, त्यावर ठरलेला शेरा होता: पोचलेला जोर नोंदीपेक्षा कमी. मी खाली लिहिलं, विमानाला उशीर झाला असावा. असं होतं कधी कधी. दुसरा डबा गेला. पुन्हा तोच शेरा. मी पुन्हा तेच वाक्य लिहिलं, आणि थंडीत विमानं रखडतातच, असं स्वतःशी म्हटलं. तिसऱ्या वेळी कागद यायला साडेतीन आठवडे लागले, आणि शेऱ्याखाली तिकडच्या मोजणाऱ्या बाईनं आणखी एक ओळ लिहून पाठवली होती: विमान वेळेवर आले.

मनात पाल चुकचुकली. त्याला आज नऊ दिवस झाले.

मी वेळापत्रक उघडलं. तिकडून इकडे, आठ तास चाळीस मिनिटं. इकडून तिकडे, दहा तास पन्नास. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. अंतर तेच, आठ हजार तीनशे, एक किलोमीटर इकडेतिकडे नाही. पण ढगांच्याही वर, मावळतीकडून उगवतीकडे, वाऱ्याची एक नदी वाहते, आणि थंडीत तिला पूर येतो. धाकटी यायची ती त्या नदीवर तरंगत. माझे डबे जात होते ते प्रवाह फोडत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इतर शहरांच्या ओळी मी वर्षानुवर्षं वेळापत्रकात बघून लिहिल्या, जातानाचाच वेळ लिहिला, ऋतू पालटला की दुरुस्तही केला. फक्त ह्या एका शहरासाठी मी वेळापत्रक उघडलं नव्हतं. मायेनं पाठ केलेलं कोण पडताळून बघतं.

दोन तास दहा मिनिटं. तेवढ्या वेळात पाचातला एक वाटा गळतो. तीन वेळा माझ्या बहिणीच्या शिरेत चारच वाटे गेले.

त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तक्त्यावरचं प्लॅस्टिक सरकवलं, जुना आकडा खरवडला आणि नवा लिहिला. संध्याकाळी धाकटीचा फोन आला. शब्द ओठांशी आले होते. ती म्हणाली, "ह्या वेळी जरा भूक लागतेय गं," आणि माझे शब्द मागे फिरले. आता कशाला सांगायचं? चौथा डबा पूर्ण भरून जाईल. गुण आला की सगळं विसरलं जाईल. झाकली मूठ झाकलेलीच बरी. ते नऊ दिवस मी जेवले, झोपले, डबे भरले. पण घरात कुठलाही नळ टपकला की मी उठून तो घट्ट करून येत होते, आणि तरी टपकणं थांबत नव्हतं.

आज सकाळी चौथा डबा भरला. मापाड्यानं कुपी यंत्रात ठेवली, आकडा बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा बघितला.

"बाई, आज हात सढळ पडलाय."

"कागदाशी जुळतंय ना?"

"जुळतंय. तेच म्हणतोय. कागदही सढळ झालाय." तो कागद हातात घेऊन तक्त्यापाशी गेला. पाठमोरा उभा राहिला. "ह्या ओळीतली शाई बाकीच्यांपेक्षा काळी आहे."

मी चिमटे पुसत राहिले. भिंतीवरचं किरण मोजायचं यंत्र टक, टक करत होतं. ते कायमच करतं, एरवी ऐकू येत नाही.

"विमानं हल्ली हळू झाली का?" त्यानं विचारलं. विनोदाचा सूर होता, पण चेहरा विनोदाला साथ देत नव्हता.

"नाही."

"मग आधीपासूनच हळू होती."

"जाताना," मी म्हटलं. "येताना नाही."

 तो येऊन समोरच्या स्टुलावर बसला. "माझे निवृत्तीला आठ महिने राहिलेत, बाई. बायकोनं बाल्कनीत कुंड्या आणून ठेवल्यात, वीस कुंड्या. म्हणते, तुम्ही आलात की मातीपासून सुरुवात करू."

"माहीत आहे मला."

"त्या तिन्ही कागदांवर माझीपण सही आहे."

"तुम्ही मोजलं ते बरोबरच होतं."

"बरोबर मोजलं आणि चूक पाठवलं. झोपेतून उठवून विचारा म्हणालो होतो मी. कुणी उठवलंच नाही." त्यानं सही केली, पेन खिशाला लावलं, परत काढलं. "साहेबांकडे जाणार आहात का, एवढं सांगा. नाही म्हणजे, घरी सांगून ठेवायला बरं."

मी डब्याचं झाकण आवळलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. डबा गाडीत चढला. साडेनऊला विमान उडालं, नदीच्या तोंडावर.

दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. तिकडे तेव्हा सकाळ असते. ह्या वेळी धाकटी कधी फोन करत नाही.

"ताई, बस आधी."

"बसलेय."

"खोटं. तू फोनवर कधी बसत नाहीस. येरझाऱ्या घालत असतेस."

मी खरंच उभी होते. भिंतीला टेकले. "बोल, चिमणे."

"काल फोटो काढले हाडांचे. आत्ता डॉक्टरांना भेटून आले." तिचा आवाज शांत होता, चादरीच्या घडीसारखा, कडेला कड जुळवलेला. "काही फरक नाही गं. तीन डोस झाले आणि काडीचा फरक नाही. उलट दोन ठिकाणी नवीन डाग आहेत. ते म्हणाले, चौथा घ्यायचा तर घ्या, आमचा आग्रह नाही. औषध तुम्हाला लागू पडत नाहीये, असं दिसतंय. मी म्हटलं, मग राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे नको म्हणून आले."

"डबा निघालाय."

"ठाऊक आहे. परत बोलावता येत नाही हेही ठाऊक आहे, तूच सांगितलंयस. दुसऱ्या कुणाला देता येईल का?"

"नाही. तुझ्या मापानं भरलाय."

"मग वाया जाणार. सॉरी गं ताई. तू किती पळापळ केलीस त्याच्यासाठी." ती थोडी थांबली. श्वास घ्यायला थांबत होती, हे मला आत्ता कळलं. "तू मनाला लावून घेऊ नकोस. माझं अंगच चुकार निघालं. तू नाही का म्हणायचीस, हिला औषध पाजायचं म्हणजे भिंतीला पाजायचं? तस्संच. लेकीला पण सांगितलं मी आल्या आल्या. म्हटलं, मावशीनं चांगलं औषध पाठवलं होतं, पण आईचं अंग ते घेतच नाही."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. दप्तर भरत होती. मग म्हणाली, अंगाला रागावून बघ." धाकटी हसली, आणि हसता हसता कण्हली. "नऊ वर्षांची आहे. माझ्यावर गेलीय."

बाहेर गोदामाशी एक मालट्रक मागे मागे सरकत होता, त्याचा इशारा सारखा वाजत होता. मी डोळे मिटले. आठ हजार तीनशे किलोमीटरच्या वाटेवर डबा कुठेतरी होता. साडेचार तास झाले होते. आतलं आत्तापर्यंत तिसऱ्या हिश्श्यानं उणं झालं असणार.

"ऐकतेयस ना?"

"हं."

"मग खरं सांगायचं ते आता. मी तिकीट काढलंय. परवाचं. आता बसवतंय तोवर येते. हे आणि लेक मागून येतील, शाळेला सुट्टी लागली की. मला तुझ्याकडे यायचंय ताई. त्या मधल्या खोलीत. इथल्या खिडकीतून नुसता रस्ता दिसतो. तिथे तू दिसशील." पुन्हा ती श्वासासाठी थांबली. "खिडकीची जागा मिळालीय. आठ तास चाळीस मिनिटं. तुला काय सांगायचं, तुला तर पाठच आहे."

हे ऐकायला मी बारा वर्षं कान लावून बसले होते. मी येते. सामान घेऊन, परतीच्या तिकिटाशिवाय. ते असं आलं होतं. आणि मी काहीही न करता ते होणार होतं. मी फक्त "ये" म्हणायचं. मधली खोली झाडायची, उशी उन्हात टाकायची, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन, तिनं स्वतःच्या अंगाला शेवटपर्यंत दोष द्यावा आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत तो ऐकावा. कुणाला कळणार नव्हतं. तिन्ही कागद कपाटात होते, त्यांवर माझं वाक्य होतं, विमानाला उशीर झाला असावा. मापाड्याच्या वीस कुंड्या होत्या. साहेब मला सांत्वनाची रजा देणार होते. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलणार होते.

"ताई? ये म्हण ना."

मी डोळे उघडले. काचेपलीकडे मापाडी उभा होता. किती वेळ होता कोण जाणे. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दाराकडे गेला. मला वाटलं, निघून चाललाय. त्यानं बाहेरचं दार लोटून घेतलं, कुणी आत येऊ नये म्हणून, आणि माझ्यामागे स्टूल आणून ठेवलं.

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर बसले.

"चिमणे, डॉक्टर अजून तिथेच आहेत?"

"वॉर्डात असतील. का?"

"त्यांना फोन कर. डबा संध्याकाळी पोचेल, तो मी घेतेय म्हणून सांग. आत्ता सांग, माझा फोन ठेवल्या ठेवल्या."

"ताई, मी तुला आत्ताच म्हटलं ना—"

"त्यांना म्हणावं, आधीच्या तिन्ही शेऱ्यांचे कागद काढून ठेवा. आमचे साहेब त्यांच्याशी बोलतील. तासाभरात बोलतील, मी त्यांच्याकडेच चाललेय."

"कसले शेरे? ताई, तुझा आवाज असा का येतोय?"

माझ्या हातातला फोन ओला झाला होता. मापाडी भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाहेरचा इशारा वाजायचा थांबला.

"आज पाठवलंय ते पूर्ण आहे," मी म्हटलं. "ते तुला लागू पडेलच, असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण तुझं अंग चुकार आहे, हे पुन्हा म्हणू नकोस. लेकीलाही सांगू नकोस. तुझ्या अंगाला पूर्ण औषध अजून मिळालेलंच नाही. तिन्ही वेळा ते कमी पोचलं."

"उशिरा पोचलं म्हणून ना? ते सांगितलं होतं मला इथं. विमान—"

"विमान वेळेवर होतं."

 तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, आखूड, मोजका.

"मी वेळ चुकीचा धरला. तुला इकडे यायला जेवढा लागतो, तेवढाच धरला. तिकडे जायला जास्त लागतो, ते मी कधी मोजलं नव्हतं. तिन्ही वेळा माझ्या हातानं कमी भरलं, चिमणे. नऊ दिवस झाले मला हे कळून. तुझा रोज फोन येत होता, आणि मी तुला सांगितलं नाही."